पूर्णगडची भिंत आणि इसाकचाचा

इसाकचाचांचं नाव पूर्णगडच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची अक्षरं मात्र पुष्कळ फिरली. खाली कारवारपासून वर वेरावळपर्यंत ज्या लाँची ये-जा करतात, त्यातल्या कितीतरी लाँचींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, त्यांच्या हातचं नाव असायचं. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे घ्यायला गेले की मी लांबूनच ओळखायचे. अक्षर अंगाने भरलेलं आणि शेवटची रेघ किंचित वर उचललेली.

होडी रंगवायचं काम त्यांनी चाळीसएक वर्षं केलं. नाव घालायच्या दिवशी ते मालकाला समोर उभं करत आणि म्हणत, "नाव मोठ्यानं बोल." मालक बोलायचा. "परत बोल." तो परत बोलायचा. मग खडूने आखणी. मालक हिंदू असेल आणि नाव देवीचं असेल, तर ब्रश उचलायच्या आधी चाचा खाडीत उतरून पाय धुऊन येत. कुणी विचारलं, चाचा, हे कशासाठी, तर म्हणत, "त्याच्या घरातली बाई या नावावर भरवसा ठेवून निजतेय. मी चिखलाच्या पायानं लिवू?"

मी रत्नागिरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती एका भिंतीमुळे. पूर्णगडच्या बंदरावर माशांच्या लिलावासाठी नवी शेड बांधली होती. तिची मागची भिंत साठ फूट लांब, कोरी. मच्छीमारांच्या सोसायटीला तिच्यावर गावाचं चित्र हवं होतं. रेश्मा त्याच गावची, माझी जुनी विद्यार्थिनी. रांगोळीत माणसाचा चेहरा हुबेहूब काढणारी. तिची आई सुलभाताई त्याच बंदरावर मासे विकायला बसते. रेश्माने माझं नाव सुचवलं, आणि मी देवरूखजवळच्या सुधाकरला बोलावलं. सुधाकर गणपती घडवतो, नमन-खेळ्यांचे मुखवटे करतो, हात फार तयार. असे आम्ही तिघे झालो.

चाचांना कुणी चित्रकार म्हणून बोलावलंच नव्हतं. सोसायटीने त्यांना भिंतीला अस्तर मारायला सांगितलं होतं.

पहिल्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा एक उंच, वाकलेला म्हातारा भिंतीशी उभा होता. चौकड्यांची लुंगी, वर पांढरा सदरा, डोक्यावर विणलेली टोपी. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय," ते म्हणाले. "दोन पाण्यानं धुवायला लागेल. तसाच रंग माराल तर पुढच्या पावसात पापुद्रे धरेल."

सुधाकरने आराखडा आणला होता. पहाटे खाडीच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या होड्या, काठावर बायका, वर किल्ला. कागदावर त्याने पेन्सिलीने तीन उभ्या रेघा मारून भिंतीचे चार भाग पाडले होते: तीन आमचे आणि चौथा गावातल्या मुलांसाठी. चाचांनी कागद हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि बराच वेळ पाहिला.

"चित्र चांगलं हाय," ते म्हणाले. "पण या रेघा कसल्या?"

"वाटणी आहे, चाचा. ज्याने त्याने आपला भाग करायचा."

"म्हंजे भाऊ वेगळे झाले तसं," चाचा म्हणाले. "एका घरात चार चुली."

सुधाकर हसला, पण त्याला ते लागलं. त्याने विचारलं, मग कसं करायचं? चाचांनी खांद्यावरचा पंचा भिजवला आणि भिंत धुवायला सुरुवात केली. धुता धुता, आमच्याकडे पाठ करून, त्यांनी जे सांगितलं, ते पुढे आमच्या कामाचे दोन नियम झाले. दुपारी मशिदीतून जोहरची बांग ऐकू आली की सगळ्यांनी ब्रश खाली ठेवायचे. चाचा नमाज पढून येईपर्यंत जेवण. आणि आल्यावर प्रत्येकाने दुसऱ्याच्या जागी जायचं. सकाळी सुधाकरने धरलेली होडी दुपारी रेश्माने पुढे न्यायची, रेश्माने धरलेली बाई मी. दुसरा नियम असा की, दुसऱ्याच्या रंगावर रंग चढवायचा असेल, तर तो माणूस समोर असताना, त्याला विचारून.

"आणि तो नाय म्हणाला तर?" सुधाकरने विचारलं.

"तर नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांचा भाग रद्द केला आणि चाचांना चौथे केलं. म्हणजे आम्ही त्यांना केलं की त्यांनी आम्हाला, हे सांगणं कठीण आहे.

काम करताना ते बोलत नसत. लांब रेघ ओढायची झाली की श्वास धरत, आणि रेघ संपली की सोडत. तेवढा एक आवाज यायचा. ब्रश बाजारातलाच, पण विकत आणल्यावर दोन दिवस ब्लेडने कातरून आपल्या मनासारखा करत. दुपारच्या जेवणाला भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी, नंतर लिंबू पिळलेला काळा चहा. चहात साखर नसायची. "मधुमेह हाय," ते म्हणत, जणू घरात एक पाहुणा राहायला आलाय आणि त्याचं करावंच लागतं.

जागा बदलायचा नियम पहिल्यांदा अडला तो रेश्मापाशी. तिने काठावरच्या बायकांत आपल्या आईला बसवलं होतं. सुलभाताईंचा चेहरा: उन्हाने रापलेला, कपाळाला आठी, समोर टोपली. इतका जिवंत की लिलावाला आलेल्या बायका त्याच्यासमोर उभ्या राहून सुलभाताईंना चिडवायच्या. दुपारी ती जागा सुधाकरकडे आली. त्याने ब्रश उचलला आणि रेश्माचे डोळे भरले.

"दादा, तिथे नको. बाकी कुठेही करा."

सुधाकर चिडला. "मग नियम कशाला केला? माझ्या होडीला काल सगळ्यांनी हात लावले तेव्हा मी काही बोललो का?"

चाचा मधे पडले नाहीत. ते उठून सुधाकरपाशी आले आणि म्हणाले, "तू विचार ना तिला."

"विचारलं की."

"नाय. तू ब्रश उचललास. विचारलं नाय."

सुधाकरने ब्रश डब्यात ठेवला आणि रेश्माकडे वळून विचारलं, "लावू हात?" ती म्हणाली, "नको." तो म्हणाला, "बरं." आणि किल्ल्याच्या तटाकडे गेला.

तीन दिवस तो चेहरा तसाच राहिला. आजूबाजूचं चित्र पुढे सरकत होतं, सकाळचा उजेड पाण्यावर, साड्यांवर, टोपल्यांवर येत होता आणि सुलभाताई मात्र त्या उजेडात नव्हत्या. चौथ्या दिवशी रेश्मा स्वतःच सुधाकरपाशी गेली. "दादा, आईच्या तोंडावर ऊन घाला. मला जमत नाही. मी घातलं की ती आजारी दिसते." सुधाकरने डाव्या गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजेड घातला. संध्याकाळी सुलभाताई टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या. भिंतीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आता आमच्या कुळातली दिसते मी." चाचा ऐकत होते. त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः सगळ्यांना ओतून दिला.

हे सगळं मी सांगते आहे, कारण त्यानंतर जे घडलं, त्यात चूक आमची होती.

पाण्याचं काम चाचांकडे जास्त असायचं. खाडीचं पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं: ओहोटीला ते कुठे मातकट होतं, बाहेरच्या समुद्राला मिळतं तिथे रंग कसा तुटतो. पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्यांनी केलेलं पाणी दिवसेंदिवस निळं होत चाललंय. आधी थोडं, मग डोळ्यांत खुपेल इतकं. जोहरनंतर त्यांची जागा माझ्याकडे आली की कडेला माझं पाणी आणि त्यांचं पाणी दोन वेगळ्या मुलुखांतलं वाटायचं.

मी सुधाकरला दाखवलं. तो म्हणाला, "मला चार दिवसांपूर्वीच दिसलं." रेश्मालाही दिसलं होतं. आम्ही तिघे शेडच्या मागे उभे राहून हलक्या आवाजात बोललो. चाचांना कमी दिसतं, हे उघड होतं. डब्यावरची चिठ्ठी ते नाकापाशी नेऊन वाचत. पण हे त्यांना कोण सांगणार? सत्तरी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर रंगावर जगलेला. सुधाकर म्हणाला, "कशाला दुखवायचं? ते लवकर घरी जातात. गेल्यावर आपण हलका हात फिरवू." मलाही ते शहाणपणाचं वाटलं. दयेचं वाटलं.

चाचा तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला निघाले की आम्ही त्यांच्या पाण्यावर हिरवट राखाडी रंग चढवायचो. असं चार दिवस केलं.

पाचव्या सकाळी मी पोचले तेव्हा ते एकटेच भिंतीशी उभे होते. ब्रश हातात नव्हता. उजवा तळवा सपाट करून ते पाण्यावरून सावकाश फिरवत होते, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बाई, इकडं या," ते म्हणाले. "इथं हात लावा. आता इथं लावा."

मी हात लावला.

"माझा हात आडवा चालतो," ते म्हणाले. "याच्यावर कुणाचातरी तिरका चाललाय. एक थर जास्ती हाय."

मी हात मागे घेतला. तोवर सुधाकर आणि रेश्मा आले. आमचे चेहरे पाहून, किंवा आमच्या गप्प राहण्यातून, त्यांना जे समजायचं ते समजलं.

"किती दिवस?"

"चार," रेश्मा म्हणाली आणि रडू लागली. "चाचा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"रडू नको बाय." त्यांनी आपला ब्रश शोधला, घासलेटात धुतला, फडक्यात गुंडाळला. घाई केली नाही. मग म्हणाले, "चार दिवस मना वाटत होतं, मी भिंत रंगवतोय."

आणि ते गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. आम्ही काम करायचा प्रयत्न केला, पण बांग झाल्यावर जागा बदलायची की नाही, हेही कुणाला सुचेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. घर खाडीच्या बाजूला, जांभ्या दगडाचं, पुढे माड. बायको दहा वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा कुवेतला. सून शबाना दार उघडायला आली. तिने मला ओटीवर बसवलं आणि आत जाता जाता हळूच म्हणाली, "जेवत नायत नीट."

चाचा बाहेर आले. मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "चाचा, आमचं चुकलं."

ते समोरच्या बाकावर बसले. तोंड खाडीकडे केलं.

"गेल्या वर्षी अन्वरची लाँच रंगवली मी," ते म्हणाले. "आठ दिवसांनी बघतो तर रंग दुसराच. मी म्हटलं, उन्हानं उडाला असंल. मग महादेवची. मग आणखी एक. मना म्हाईत नव्हतं असं नाय, बाई. आतून म्हाईत होतं. पण कोण बोललं नाय. मजुरी देत, चहा देत, आणि मी घरी गेलो की दुसऱ्याला बोलावून रंग फिरवून घेत. सगळ्या गावानं मना सांभाळलं." ते थांबले. "सांभाळून सांभाळून मना एकटा पाडला."

मी ओटीवरून उठून त्यांच्या शेजारी बसले.

"तुमच्याकडं आलो तेव्हा वाटलं, ही लोकं कामाची हायत. भांडतात, पण तोंडावर भांडतात. त्या पोरीनं सुधाकरला नको म्हटलं, तेव्हा मना किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी म्हटलं, इथं मना कुणीतरी सांगेल."

आत शबाना भांडी लावत होती, तो आवाज थांबला होता.

"मी सांगते," मी म्हणाले. "आता सांगते. निळं फार होतंय, चाचा. डोळ्यांत खुपतं. खाडीसारखं दिसत नाही."

त्यांनी डोळे मिटले. कुणीतरी काटा काढताना माणूस जसा क्षणभर श्वास रोखून धरतो, तसे बसले. मग म्हणाले, "किती दिवस होतंय?"

"दहा-बारा."

"आणि रेघ?"

"रेघ तुमचीच आहे. रेघेत काही चूक नाही."

"बरं," ते म्हणाले. "उद्या येतो. पण तिघांनी बोलायचं. त्या पोरीनंपण."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या आधी आले होते. थोड्या वेळाने त्यांनी डब्यात रंग कालवला आणि रेश्माला हाक मारली. "बघ." ती डब्यावर वाकली. "चाचा, निळं जास्त आहे." त्यांनी पिवळा घातला. "आता?" "अजून जास्त आहे." त्यांनी आणखी घातला. "आता?" "आता मातकट झालं." त्यांनी तो डबा बाजूला ठेवून दुसरा घेतला. असं पाच-सहा वेळा झालं. सहाव्या वेळी ती म्हणाली, "हं. ही आपली खाडी," आणि चाचा भिंतीकडे वळले.

त्यानंतर काम सावकाश झालं, पण शेवटपर्यंत असंच झालं. रंग आम्ही सांगायचो, रेघ त्यांची असायची. आपल्या जुन्या निळ्या पाण्यावर त्यांनी स्वतः उभं राहून आमच्याकडून हात फिरवून घेतला आणि प्रत्येक वेळी आधी विचारलं गेलं. सुधाकर सुरुवातीला फार अवघडायचा. एकदा चाचांनीच त्याला दम दिला, "अरे, वाईट हाय तर वाईट बोल. तोंडात गूळ धरून बसू नको." होड्यांवर नावं घालायची वेळ आली तेव्हा गावातल्या प्रत्येक मालकाला बोलावलं. अन्वर आला. त्याने आपल्या लाँचीचं नाव दोनदा मोठ्याने उच्चारलं आणि मग मान खाली घालून म्हणाला, "चाचा, गेल्या वर्षी मी तुमचा रंग बदलून घेतला. सांगायला हवं होतं." चाचा आखणी करत होते. रेघ पूर्ण झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो असतो."

एवढंच. पण अन्वर तिथेच बसून राहिला. शेड रिकामी झाली तरी उठला नाही.

भिंत पुरी झाल्यावर सुधाकर आणि मी त्यांना रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू काढता येईल, म्हणाले, पण साखरेने मागचा पडदाच खराब झालाय; फार आशा धरू नका. चाचांनी विचारलं, "आधी आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर बरंच वाचलं असतं." चाचांनी मान हलवली आणि त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर सुधाकर रस्त्यातच हुंदके देऊ लागला. चाचांनी त्याचा दंड धरला, पण रस्ता ओलांडायला की धीर द्यायला, ते मला कळलं नाही.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काही महिने त्यांना थोडं स्वच्छ दिसलं. त्या दिवसांत ते रोज बंदरावर जाऊन भिंतीसमोर बसत, असं रेश्मा सांगायची. मग तेही ओसरत गेलं. दुसरा पावसाळा संपता संपता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. शाळेच्या कामासाठी त्या बाजूला गेले होते, म्हणून पूर्णगडला उतरले. लिलाव नुकताच संपला होता. जमीन ओली, बायका टोपल्या लावत होत्या. चाचा भिंतीसमोर उभे होते. हातात काठी, तीच विणलेली टोपी. पुण्याहून आलेलं एक जोडपं त्यांच्याजवळ उभं होतं आणि चाचा त्यांना चित्र समजावून सांगत होते. मी खांबाशीच थांबले. त्यांचं बोलणं मला मधेच तोडवेना.

"ह्या आमच्या गावच्या बाया," ते काठीने दाखवत म्हणाले. "आमची रेश्मा हाय, तिनं काढल्या. ह्यात तिची आई बसलीय, बघा."

काठी किल्ल्याच्या तटावर टेकली होती. जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. बाई कौतुकाने हसून म्हणाली, "हो, हो, छान आहे." पुरुषाने मान डोलावली.

चार हातांवर सुलभाताई बांगडे मांडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "अहो चाचा, तो किल्ला हाय! बाया डावीकडं!"

पुण्याची बाई एकदम संकोचली. चाचा मात्र हसले, मोकळेपणाने, सगळे दात दाखवत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन पावलं."

ते भिंतीला हात लावत दोन पावलं डावीकडे सरकले, काठी उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.